कमिटीचं घर

सलग तिसऱ्या पहाटे दव गोठलं. तुकिम वाकून दाराबाहेर आली, अनवाणी पाय गवतावर टाकला आणि गवत पायाखाली करकरलं. आभाळ कोरं होतं. ढगाचा पुंजका नाही, वाऱ्याची झुळूक नाही. उतारावरचे रताळ्याचे गोल ढीग वरपासून ओढ्यापर्यंत पांढरेफटक पडले होते, कुणीतरी राख उधळून गेल्यासारखे. पहिल्या दोन पहाटे तिनं मनाची समजूत घातली होती की खालचा उतार तरी वाचेल. आज तिनं स्वतःला काहीच सांगितलं नाही. फावडं घेतलं आणि चालू लागली.

ऊन चढलं तसं पांढरं विरलं आणि वेल पुन्हा हिरवेगार दिसायला लागले. पण त्या हिरवेपणावर यांगुमांडा वाडीत कुणी विश्वास ठेवत नसे. दुपारपर्यंत पानं उकडल्यासारखी लोंबली, मग काळी पडली, आणि अख्ख्या डोंगरावर शिळ्या भाजीसारखा वास सुटला.

तुकिमचा नवरा लापान चराच्या काठावर उकिडवा बसला होता. हातातलं काळं पान त्यानं चुरगळलं आणि बोटं मांडीला पुसली.

"मातीच्या पोटातली रताळी ऱ्हातील का गं?" त्यानं विचारलं.

"ऱ्हातील धा दिस. मग पानी सुटंल त्यास्नी. डुकरंबी तोंड लावायची न्हाईत."

"मग काढू समदी."

"काढून कुटं ठेवता? काढली की तीबी सडत्यात."

चराच्या पलीकडे पासोनचा तुकडा होता. पासोनचा नवरा चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. घरात म्हातारी सासू आणि एस्तर नावाची मुलगी. मुलगा माकिस खाणीच्या गावाला कामावर होता. दोघी बायका वीस वर्षं तो एकच चर दोन्ही अंगांनी साफ करत आल्या होत्या. त्या दुपारी पासोन पलीकडून गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणाली, "अक्का, माजा वरचा तुकडा तर पार झोपला. तुजं काय?"

"माजंबी तेच."

"चला. आता दोघींच्या चुली सारख्याच गार." असं म्हणून पासोन हसली. पुढचे दात नसल्यामुळे तिचं हसू नेहमी तोंडभर दिसायचं.

दहा दिवस सगळी वाडी खोदत होती. तुकिमच्या तळहातांचे फोड फुटले, त्यावर माती बसून काळ्या खपल्या धरल्या. कपाळावर जाळीच्या पिशवीचा पट्टा घेऊन ती दिवसातून पाच खेपा करायची, मान ताठून जायची. रताळी बोटाएवढी निघत होती. भाजली तर चार घास बरी लागायची, पाचव्याला घशात कडवट यायचं. मग खालचं खोरं धरून लोक जायला लागले. ज्यांचे सोयरे उबदार मुलखात होते ते पोरं, डुकरं, भांडी घेऊन उतरले. शाळेतले तिन्ही मास्तर एका शनिवारी कुलूप लावून गेले. तुकिमची सोळा वर्षांची मुलगी डोर्कस वह्यांचं गाठोडं घेऊन घरी आली आणि ते आढ्याला टांगून आईबरोबर खोदायला लागली.

लापान मात्र हलायला तयार नव्हता.

"आपुन कशाला जायचं? आपला सायलस तितं बसलाय न्हवं!"

सायलस याच शाळेचा हेडमास्तर होता. आठ वर्षं तुकिमच्या चुलीपाशी जेवला. लापानच्या शेजारी चटईवर झोपला. फी भरता आली नाही म्हणून एकाही पोराला त्यानं कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. स्वतःचा पगार आला की वह्या आणायचा. दोन वर्षांमागं तो खासदारकीला उभा राहिला तेव्हा यांगुमांडानं जीव ओतला. लापाननं डोंगरामागून डोंगर तुडवले. तुकिमनं हातानं वाढवलेली, मांजरासारखी पायात घोटाळणारी मोठी डुकरीण विजयाच्या जेवणाला दिली. डुकरीण कापली तेव्हा तुकिम ओढ्यावर जाऊन बसली होती, पण मनात अभिमानही होता. त्यानंतर सायलस राजधानीला गेला, मोर्स्बीला, आणि गावाला तो फक्त रेडिओवर भेटायला लागला.

"येनार," लापान म्हणायचा. "धाडनार तांदूळ. तुज्या हातचं खाल्लंय त्यानं."

तांदूळ खरोखरच आला. सरकारी ठाण्याच्या मैदानावर तीन ट्रक लागले. वाटपाला सायलसचा माणूस होता, तिमोती. काळा चष्मा, तोंडात सुपारी, हातात कर्णा. तो वाडीचं नाव पुकारायचा आणि त्या वाडीचे लोक पुढे जायचे. तुकिम, पासोन आणि वाडीतल्या सगळ्या बाया सकाळपासून उन्हात बसून होत्या. हवा थंड आणि ऊन बोचरं, ओठ फाटून रक्त यायचं. पहिल्या दिवशी यांगुमांडाचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी लापान स्वतःहून पोती उतरवायला लागला. हमाली केली तर तिमोतीची नजर पडेल, असा त्याचा हिशेब. दुपारपर्यंत त्यानं पाठ मोडून घेतली. एक पोतं त्याच्या खांद्यावर फुटलं आणि तांदूळ मातीत सांडला. बाया धावल्या. लापानही वाकला, मूठ भरली, आणि तिमोतीनं आपला बूट त्याच्या हातावर ठेवला. जोरात नाही. नुसता ठेवला.

"हात काड," तिमोती म्हणाला.

"पाय उचला, मग काडतो, साहेब."

लोक हसले. काही तिमोतीला बरं वाटावं म्हणून हसले, काही आपला हात त्याखाली नाही म्हणून. तिमोतीनं सुपारी थुंकली आणि सावकाश पाय उचलला.  घरी डोर्कसनं लापानची सुजलेली बोटं कोमट पाण्यात धरली तेव्हा त्यानं हात हिसकून घेतला.

चार दिवसांनी हेलिकॉप्टर उतरलं. धुळीत गवताची छपरं फडफडली. सायलस बाहेर आला. पोट सुटलेलं, डोक्याला टोपी. गर्दीतून त्यानं लापानला बरोबर हेरलं आणि सगळ्यांदेखत मिठी मारली.

"लापानदादा! तुमची वाडी अजून यादीत नाही? तिमोती, हे काय?"

तिमोतीनं लापानचा तोच सुजलेला हात हातात घेऊन हलवला. "चूक झाली, दादा."

त्याच दुपारी लापान यांगुमांडाचा कमिटी, म्हणजे वाटपाचा मुख्य माणूस झाला. चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तांदूळ उतरला आणि तिची किल्ली दोरीत ओवून त्याच्या गळ्यात आली. वाचता त्याला येत नव्हतं. नावं लिहायला डोर्कस होती.

पहिलं वाटप त्यानं असं केलं की म्हातारी माणसं अजून त्याची आठवण काढतात. पत्र्याचा एकच मग, काठाला बोट फिरवून सपाट केलेला. आधी म्हातारी, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे, आणि शेवटी स्वतःचं घर. तुकिमच्या वाट्याला तळातला कण्यांचा भाग आला.  वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे बघून तिला इतकं बरं क्वचितच वाटलं होतं.

पण किल्ली गळ्यात असलेल्या माणसाला लोक वेगळं वागवायला लागतात. सभेत ज्यांनी लापानला कधी पुढे बसू दिलं नव्हतं ते जाणते पुरुष सरकून जागा द्यायला लागले. दाराशी न मागता जळण येऊन पडायचं. शेजारच्या दोन सुना पाणी भरून ठेवायच्या. कुणी त्याला लापान म्हणेना, "कमिटी" म्हणायला लागले. तिमोतीनं त्याला रबरी बूट दिले. बूट घातल्यावर लापान चिखलात उतरेना. चिखल लागू नये म्हणून, असं तुकिमला सुरुवातीला वाटलं. आयतं पाणी तिलाही गोड लागलं. खोटं कशाला, तिचीही पाठ दुखत होती.

दुसऱ्या महिन्यात ट्रकबरोबर तिमोती आला. पत्र्याच्या खोलीत पोत्यांवर बसून त्यानं डोर्कसची यादी चाळली.

"ह्यात आपली मानसं कोन आन् त्यांची कोन?"

"समदी वाडीची मानसं, साहेब," लापान म्हणाला.

"तसं न्हाई चालत. तांदूळ साहेबांचा हाय. ज्यांनी दुसऱ्याला मत टाकलं, त्यांनी त्या दुसऱ्याकडं मागावा."

"मानसं उपाशी हायती."

"मग किल्ली दे. उपाशी न्हाईत अशी बी मानसं हायत वाडीत. घेतील कुनीबी."

लापानचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. तुकिम दाराशी पोती झाडत होती, तिनं पाहिलं. तो हात किल्ली काढायला गेला होता की धरायला, हे तिला तेव्हा कळलं नाही. तिमोती गेला तेव्हा किल्ली गळ्यातच होती.

"डोर्कस, ल्ही," लापान म्हणाला. नावं सांगत गेला. ओढ्यापलीकडची चार घरं. सुताराचं घर. मग थांबला. "पासोन."

"बा, पासोनमावशी?"

"माकिस त्या दुसऱ्याचा झेंडा घेऊन फिरला व्हता खाणीच्या गावात. समद्यांना ठावं हाय."

"मावशीनं तर आपल्यालाच मत टाकलं. एस्तर साळंत माज्या बाकावर बसायची, बा."

"ल्ही म्हनलं ना!"

"ल्हायचं न्हाई, खोडायचं हाय!" डोर्कस रडायला लागली. पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं. पण तिनं खोडलं.

"म्या किल्ली दिली असती तर?" लापान बायकोकडे न बघता म्हणाला. "दुसऱ्यानं खोडलंच असतं. वर आपलंबी खोडलं असतं."

 तुकिमनं झाडलेलं पोतं घडी करून ठेवलं.

वाटपाच्या दिवशी पासोन रांगेत शेवटपर्यंत उभी होती. नावं संपली, पत्र्याचा मग उलटा करून भिंतीला टांगला, तरी ती उभीच.

"लापानभावजी, माजं ऱ्हायलं."

"यादीत न्हाई."

"यादी तुमच्याच घरात करत्यात न्हवं?"

"वरून येती ती." लापान आपल्या बुटांकडे बघत होता.

पासोननं मान वळवून तुकिमकडे पाहिलं. तुकिमनं रांगेतल्या कुणाच्या तरी पोराचं नाक पुसायला घेतलं.

त्या दिवसापासून तुकिम कोबीच्या पानाखाली ओंजळभर तांदूळ झाकून चरापलीकडे नेऊ लागली. पासोन घ्यायची. आत म्हातारी सासू अंथरुणात हगवणीनं झिजत होती, नको म्हणायची ऐपत तिच्यात उरली नव्हती. आठवड्यानं लापानला कळलं. तो ओरडला नाही, हात उचलला नाही. उलट त्याला एक तोड सुचली आणि तिचा त्याला आनंदही झाला.

"फुकाट कशाला चोरून देतीस? तिला कामावर घे. आपलं नवं ढीग घालायचंच हायत. रोज एक मग तांदूळ. तिचाबी मान ऱ्हाईल, आपलंबी काम हुईल."

तुकिमनं ते पासोनला सांगितलं तेव्हा स्वतःच्या तोंडाची तिला लाज वाटली. पासोन म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून पासोन तुकिमच्या तुकड्यात राबायला लागली. सडलेले वेल गोळा करायचे, गवत कापून आणायचं, मध्ये रचून वर काळी माती ओढायची. पोटात अन्न नसलेलं माणूस फावडं कसं मारतं ते तुकिमनं चौदा दिवस पाहिलं. प्रत्येक ओढीनंतर पासोन फावड्याच्या दांड्यावर छाती टेकून थांबायची. तिच्या पोटऱ्या काटक्यांसारख्या झाल्या होत्या, गुडघे त्यांच्यापेक्षा मोठे दिसायचे. लापान चराच्या काठावर पोतं अंथरून बसायचा.

"डाव्या अंगाची माती आजून वड. उतार ऱ्हायला बघ."

"हां, मालक."

"अगं, मालक काय म्हनतीस!" तुकिम म्हणाली.

"मग काय म्हनू, कमिटीनबाई?" पासोननं वर न बघता विचारलं.

तिनं पुन्हा कधी अक्का म्हटलं नाही.

म्हातारी त्याच महिन्यात गेली. ओढ्यावरच्या बाया अंगाला माती फासून रडायला बसल्या. लापाननं प्रेताजवळ तांदळाचं एक अख्खं पोतं आणून ठेवलं. तिमोती आला होता, त्यानं फोनवर फोटो काढला. लापान बोलायलाही उभा राहिला. दुःखात साहेब आपल्या पाठीशी आहेत, अमुक आहे, तमुक आहे. त्याचं बोलणं आता सायलससारखं व्हायला लागलं होतं, शब्द सायलसचे आणि उच्चार वाडीचे.

एस्तर मातीनं माखलेली उठली. लापानकडे नाही, ती सरळ डोर्कससमोर गेली.

"जित्ती व्हती तवा नाव खोडलंस. आता मेल्यावर पोतं आनलंय व्हय? चोर! पेन्सिलीनं मारलंस तिला तू. बापाची चोर पोरगी!"

रडणं थांबलं. दीडशे माणसं बघत होती.  पासोननं लेकीला मागे ओढलं. डोर्कस घरी आली आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं आढ्याला टांगलेलं वह्यांचं गाठोडं काढलं, एक कोरी वही घेतली आणि पट्टीनं रेघा मारत बसली. तुकिमला वाटलं, पोरगी सावरतेय.

पुढच्या आठवड्यात सायलस ठाण्याच्या विश्रामघरात मुक्कामाला आला. त्याच्या स्वागताला बायांनी रंग लावून नाचावं असा निरोप होता. बाया नाचल्या. दोघी नाचता नाचता खाली बसल्या, त्यांना उचलून बाजूला केलं. नाच संपल्यावर तुकिम तोंडावरचा रंग न पुसता विश्रामघराच्या पायऱ्या चढली. शिपायानं अडवलं, पण सायलसनं आतून ओळखलं.

"येऊ द्या त्यांना. वहिनी, बसा."

टेबलावर कोंबडीची हाडं होती. सायलस दमलेला दिसत होता, डोळ्यांखाली काळं. तुकिम जमिनीवर बसली.

"मास्तर, पासोनची म्हातारी गेली."

"कळलं मला. वाईट झालं."

"तिचं नाव खोडलं व्हतं. तुमच्या मानसानं खोडायला लावलं."

 सायलसनं हाडांचं ताट दूर सारलं. "वहिनी, शाळेत होतो तेव्हा मी सगळ्यांना सारखं वाटायचो. कारण वाटायला होतं काय? वह्या! आता ज्यांनी मत दिलं ते म्हणतात, आम्हाला जास्त दे. सारखं दिलं तर पुढच्या वेळी तेच मला पाडतील. आणि मग येईल तो तुम्हाला एक दाणा देणार नाही. मला हे आवडतं असं वाटतं तुम्हाला?"

"आवडत नसंल तर सोडा की."

तो हसला. जुनं हसू होतं, शाळेतलं, आणि त्यानं तुकिमला जास्तच टोचलं. "सुटत नाही हो. खरं सांगतो, पहिल्या वर्षी रोज वाटायचं सोडावं. आता तसं वाटतही नाही." मग त्यानं खिशातून चष्मा काढला, एक चिठ्ठी लिहिली. "तुम्ही आलात, तुमच्या हातचं खाल्लंय. पासोनचं नाव घाला. मी सांगितलं म्हणून घाला, आणि सगळ्यांसमोर सांगा मी सांगितलं म्हणून."

"आन् ओढ्यापलीकडची चार घरं?"

"वहिनी." त्यानं एवढंच म्हटलं. आणि माशाचा एक डबा तिच्यापुढे केला.

घ्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. हात पुढे गेला. पायऱ्या उतरताना तो डबा तिनं घामानं ओल्या झग्याच्या घोळात झाकला होता, आणि कुणापासून झाकते आहे हे तिला सांगता आलं नसतं.

तरी चिठ्ठी होती. लापाननं ती डोर्कसकडून वाचून घेतली आणि मान हलवली. "साहेबांचा शब्द हाय. घाल नाव." डोर्कसनं वही उघडली, पेन्सिल उचलली. तुकिमनं तो दिवस मनात नीट ठेवला. चरापलीकडे जाऊन तिनं पासोनला सांगितलं, "पुढच्या येळेला ये. नाव हाय तुजं. म्या सोता गेल्ते."

 "येते," पासोन म्हणाली.

मग पाऊस परतला. रात्री ढग राहू लागले, दव गोठायचं थांबलं, पण लावायला वाडीत वेलाचं हिरवं कांडं उरलं नव्हतं. सरकारनं खालच्या खोऱ्यातून रताळ्याच्या वेलांच्या जुड्या पाठवल्या. तांदूळ संपला की संपतो. जुडी मिळाली तर आठ-नऊ महिन्यांनी माणूस स्वतःचं खातं, नाही मिळाली तर आणखी वर्षभर दुसऱ्याच्या दारात उभं राहतं. हे लहान पोरालाही कळत होतं. त्या सकाळी रांग चर्चपासून पार सुरूच्या झाडांपर्यंत गेली. झिमझिम लागली होती. ओलं पोतं डोक्यावर घेऊन लोक न कुरकुरता उभे होते.

लापानला तिमोतीबरोबर बसायचं होतं म्हणून त्यानं नावं वाचायला डोर्कसला बसवलं. पोत्यावर पोतं टाकून उंच बैठक केली होती. तुकिम तिच्या मागे उभी राहून जुड्या हातात देत होती. ओल्या चिकाचा वास येत होता. डोर्कसचा आवाज स्वच्छ होता, मास्तरांसारखा, प्रत्येक नावानंतर ती रेघ मारायची आणि पुढचं वाचायची. पासोन रांगेत मधोमध होती, एस्तर बरोबर नव्हती. पुढे सरकत सरकत ती पोत्यांपाशी आली. तुकिमनं तिच्यासाठी जाड जुडी आधीच बाजूला काढली होती.

डोर्कसनं वहीत पाहिलं. मग पासोनकडे पाहिलं.

"नाव न्हाई."

"हाय पोरी," पासोन हळू म्हणाली. "तुजी आय म्हनली, घातलंय."

"ह्या वहीत न्हाई."

तुकिम पुढे झाली. "डोर्कस, तुज्या बानं माज्यासमूर सांगितलं. चिठ्ठी हाय मास्तरांची."

"घातलं व्हतं, आये. म्याच खोडलं." तिनं आवाज वाढवला नाही, पण रांगेतल्या पहिल्या दहाजणांना ऐकू जाईल इतपत ठेवला. "एस्तरनं मला दीडशे मानसांत चोर म्हनलं. तिनं हितं यावं, समद्यांम्होरं तोंडानं मागावं. मग बघू."

"सायलसमास्तरांनी सांगितलंय!"

"मास्तर काय यादी वाचायला येत्यात?"

लापान उठून आला होता. क्षणभर त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तिमोतीकडे पाहिलं. तिमोतीनं चष्मा कपाळावर चढवला, डोर्कसला खालून वर न्याहाळलं आणि मोकळेपणानं हसला.

"कमिटी, ही पोरगी तुमच्याम्होरं जानार. मोर्स्बीला जाईल ही एक दिस."

लापानच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तोही हसला, आधी अर्धवट, मग सगळं तोंड भरून. "माजीच हाय," तो म्हणाला.

 पासोननं विनवलं नाही, शिवी दिली नाही. तिनं रिकामी जाळी डोक्यावरून काढली, घडी घातली, काखेत मारली आणि चर्चच्या उतारानं निघाली. तुकिमला तिच्यामागे जायचं होतं. तिनं पाय उचललाही. पण रांगेत पासोनमागे उभी असलेली बाई, ओढ्याकाठची तरणी लेकुरवाळी, मान खाली घालून झटकन एक पाऊल पुढे आली आणि मोकळी झालेली जागा भरली. तिच्या मागची तिच्या जागी आली. अशी ती सबंध रांग, पार सुरूच्या झाडांपर्यंत, एकेक पाऊल पुढे सरकली.

"आये, जुडी," डोर्कस वहीवरून मान न उचलता म्हणाली आणि तिनं हात मागे केला.

तुकिमच्या हातात ती जाड जुडी होती. तिनं ती दिली.